प्रार्थना कोरडी पडली, आता काय?

गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, 'हे प्रभू' म्हणायचं आणि पुढे काहीच नाही. शब्द येतात, पण ते कुणाच्या कानावर पडतायत असं वाटत नाही. बायबल उघडलं तर कालचाच अध्याय आज पुन्हा वाचावा लागतो, कारण काल डोळे ओळींवरून फिरले आणि मनात काही उतरलंच नाही. उपासनेत शेजारचे डोळे पुसत गात असतात आणि आपण शेवटचं कडवं कधी येतंय याची वाट बघत असतो. ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात असे दिवस येतात. कुणाचे आठवड्याभरात सरतात, कुणाचे वर्षानुवर्षं रेंगाळतात. या अवस्थेला आध्यात्मिक कोरडेपणा म्हणतात. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, याबद्दल फारसं कानावर येत नाही, कारण साक्ष द्यायला माणूस उभा राहतो तो सहसा कोरडेपणा संपल्यावरच.

त्यामुळे ज्याचा अजून संपलेला नाही त्याला वाटतं, हे फक्त माझ्याच वाट्याला आलंय. मग सल्ले सुरू होतात. प्रार्थना वाढव. उपवास धर. काही पाप लपवलंयस का बघ. विश्वास कमी पडतोय. यातला प्रत्येक सल्ला कुणा ना कुणासाठी बरोबर असतो, पण सल्ला देणाऱ्याने समोरच्याचं काय बिनसलंय हे विचारलेलंच नसतं. कोरडेपणा अनेक कारणांनी येतो. एका कारणावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर माणूस सावरायचा सोडून आणखी खचतो. म्हणून आधी निदान, मग उपाय.

त्याआधी एक धीर देणारी गोष्ट: बायबलला हे अजिबात नवीन नाही. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. 'किती वेळ?', 'तू तोंड का लपवतोस?', 'जागा हो!' अशी त्यांची भाषा. ४२ व्या स्तोत्रातली पाण्यासाठी लुलपणारी हरिणी आपण गाऊन गाऊन इतकी गोड करून टाकली आहे, की ती तहानेने कासावीस झालेली आहे हेच विसरायला होतं. त्याच स्तोत्रात पुढे कवी सांगतो की रात्रंदिवस आसवं हाच त्याचा आहार झाला आहे आणि लोक विचारतायत, कुठे आहे तुझा देव? ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत उजळतच नाही. अंधारातच संपतं. ज्यांनी हा संग्रह जपला त्यांनी ते वगळलं नाही, शेवटी आशेची एखादी ओळही जोडली नाही. आणि २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?', ही तर येशूने वधस्तंभावर उच्चारली. देव दूर गेल्यासारखं वाटणं म्हणजेच अविश्वास असता, तर ते शब्द त्याच्या तोंडी आले नसते.

या सगळ्या तक्रारी कुणापाशी केलेल्या आहेत तेही बघा. स्तोत्रकर्ता देवाला 'तू' म्हणून थेट जाब विचारतो. दुःखाने होरपळलेल्या ईयोबाच्या पुस्तकात, २३ व्या अध्यायात, हे फार स्पष्ट दिसतं. पुढे जातो तर तो तिथे नाही, मागे जातो तर दिसत नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. चारही दिशा धुंडाळून झाल्यावर ईयोब म्हणतो, पण माझी वाट त्याला ठाऊक आहे. मला तो सापडत नाही, त्याला मात्र मी कुठे आहे ते माहीत आहे. कोरड्या काळात विश्वास एवढाच शिल्लक राहतो, आणि तो पुरतो.

नेमकं काय झालंय?

निदान शरीरापासून सुरू करावं, कारण तिथे कुणी बघतच नाही. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर आकाशातून अग्नी उतरला, लोकांनी परमेश्वराचा जयजयकार केला. पुढच्याच अध्यायात, १ राजे १९ मध्ये, ईजबेल राणीच्या एका धमकीने हाच माणूस जीव घेऊन पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, 'पुरे झाले. आता माझा प्राण घे.' एवढं आध्यात्मिक शिखर गाठलेला माणूस काही दिवसांतच मरण मागतोय. आपल्यातला एखादा उत्साही बंधू तिथे असता तर त्याने एलीयाला कर्मेलची आठवण करून दिली असती, विश्वासावर चार शब्द ऐकवले असते. देवदूताने त्याला नुसतं हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. एलीयाने खाल्लं, प्याला, आणि पुन्हा झोपला. देवदूताने झोपू दिलं. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं, कारण पुढचा प्रवास त्याला झेपणारा नव्हता. वारा, भूमिकंप, अग्नी आणि शेवटी ती शांत, मंद वाणी, हे सगळं चाळीस दिवसांनंतर होरेब डोंगरावर आलं. त्याच्या आधी झोप आणि जेवण होतं.

म्हणून स्वतःला आधी साधे प्रश्न विचारावेत. झोप पुरती होते का? घरात तान्हं बाळ आहे का, कुणाचं लांबलेलं आजारपण आहे का? गेल्या काही महिन्यांत कुणी जवळचं गेलंय का? मंडळीचं काम इतकं अंगावर घेतलंय का की प्रार्थनासुद्धा त्या कामाच्या यादीतलीच एक बाब झाली आहे? थकलेल्या शरीरात मन कोरडं पडतं, आणि तो कोरडेपणा प्रार्थनेत सगळ्यात आधी जाणवतो, कारण इतर ठिकाणी गडबडीत तो झाकून जातो.

इथेच नैराश्याचं बोलायला हवं, आणि स्पष्ट बोलायला हवं. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, देवाधर्मातच नव्हे तर कशातच रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असं वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका. हा विश्वासाचा पराभव नाही. अठराव्या शतकातला इंग्रज कवी विल्यम कूपर आयुष्यभर तीव्र नैराश्याने ग्रासलेला होता. देवाने आपल्याला कायमचं टाकून दिलंय, अशी त्याची खात्री झाली होती. त्याची गीतं मात्र आजही जगभरच्या मंडळ्यांमध्ये गायली जातात. औषधाची गरज असलेल्या माणसाला केवळ प्रार्थना वाढवायला सांगणं हा माझ्या मते निव्वळ क्रूरपणा आहे, मग तो कितीही प्रेमाने केलेला असो.

दुसरी शक्यता पापाची किंवा हेळसांडीची. ३२ व्या स्तोत्रात दावीद सांगतो की पाप मनात दाबून ठेवलं तेव्हा हाडं झिजली, आणि कबूल केल्यावर सुटका झाली. असं असू शकतं. पण असं असतं तेव्हा सहसा शोधावं लागत नाही. काय केलंय हे आपल्याला नेमकं माहीत असतं, नाव-गाव-तारखेसकट. फक्त त्याकडे बघायची तयारी नसते. तिथे उपाय सरळ आहे: कबुली, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई, क्षमा. याउलट ज्याला नेमकं काहीच सापडत नाही, फक्त 'माझंच काहीतरी चुकत असणार' असं धूसर ओझं जाणवतं, त्याने दिवा घेऊन पापं हुडकत बसू नये. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमका दाखवतो. मोघम अपराधीपणाला त्याची सही समजू नये.

हेळसांडीबद्दल प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र वाचण्यासारखं आहे. तू आपली पहिली प्रीती सोडली आहेस, असा तिच्यावर ठपका आहे. आणि उपाय? आठवण कर, पश्चात्ताप कर, आणि आपली पहिली कृत्ये कर. पहिल्या भावना पुन्हा आण, असं तिथे म्हटलेलं नाही. भावना कुणाला हुकमी आणता येत नाहीत. कृत्यं करता येतात.

याच्याच जवळचा आणखी एक प्रकार चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांनी ओळखला होता. एव्हाग्रियस नावाच्या मठवाशाने त्याचं वर्णन जवळजवळ विनोदी वाटेल इतकं बारकाईने केलंय. भर दुपारी संन्याशाला वाटतं की सूर्य पुढे सरकतच नाहीये. तो खिडकीतून बाहेर बघतो, जेवणाची वेळ अजून किती लांब आहे याचा अंदाज घेतो, कुणी भेटायला येतंय का बघतो. मग खोलीचा कंटाळा, कामाचा कंटाळा, सोबतच्या बांधवांमध्ये प्रेमच उरलं नाही हा शोध, आणि दुसऱ्या ठिकाणी गेलो तर देव अधिक चांगला भेटेल हे स्वप्न. खिडकीच्या जागी मोबाइल ठेवला की सोळाशे वर्षांचं अंतर मिटतं. या कंटाळ्यावर त्या संन्याशांचा उपाय रोमहर्षक वगैरे नव्हता: खोलीतच बसून राहा, हाताने काहीतरी काम कर, छोट्या प्रार्थना म्हणत राहा.

रात्र, जी चूक नसते

आता तो प्रकार ज्याबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये योहान ऑफ द क्रॉस हा कार्मेलाइट या कॅथलिक संघातला संन्यासी होऊन गेला. मठांच्या सुधारणेवरून त्याच्याच संघातल्या विरोधकांनी त्याला डिसेंबर १५७७ मध्ये उचललं आणि टोलेडोच्या मठात एका अगदी लहान कोठडीत डांबलं. ऑगस्ट १५७८ मध्ये तो तिथून निसटला. 'काळोखी रात्र' ही त्याची कविता आणि तिच्यावर त्यानेच लिहिलेलं विवरण यांतून कोरडेपणाचा एक वेगळा अर्थ पुढे आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सुरुवातीच्या काळात आपल्याला देवाची गोडी लागते तेव्हा त्यात बराचसा वाटा त्या गोडीच्या ओढीचा असतो. आपण देवाकडे जातो, आणि मिळणाऱ्या समाधानाकडेही जातो. काही काळाने देव ते समाधान काढून घेतो. तो दूर गेलेला नसतो. माणूस त्याच्या देणग्यांवरून खुद्द त्याच्याकडे वळावा, म्हणून ही रात्र असते.

ऐकायला छान वाटतं, पण धोका असा की कुणीही आळशी माणूस आपल्या आळसाला 'काळोखी रात्र' म्हणू शकतो. योहानला याची जाणीव होती. आजारपणातून किंवा खिन्न प्रकृतीतूनही असंच होऊ शकतं, हेही त्याने लिहून ठेवलंय. म्हणून त्याने तीन खुणा दिल्या आणि तिन्ही एकत्र दिसायला हव्यात असं बजावलं. एक, देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही आणि जगातल्या दुसऱ्या गोष्टींतही वाटत नाही. प्रार्थना नकोशी झाली पण बाकी मौजमजा झकास चालली असेल, तर ही रात्र नव्हे. दोन, माणसाला याचा घोर लागलेला असतो. आपण मागे पडतोय, देवाची सेवा होत नाहीये, हे त्याला टोचत राहतं. कोमट माणसाला असं काही टोचत नाही. तीन, पूर्वी ज्या पद्धतीने मनन व्हायचं, प्रसंग डोळ्यांपुढे आणून विचार करता यायचा, ते कितीही प्रयत्न केला तरी जमत नाही.

आणि इथे त्याचा सल्ला वाळवंटातल्या संन्याशांच्या उलट वाटावा असा आहे. बळजबरीने मनन ओढून आणू नका, तो म्हणतो. देवासमोर शांत बसा, प्रेमाने त्याच्याकडे लक्ष ठेवा, आणि आपण वेळ वाया घालवतोय असं वाटलं तरी बसून राहा. कंटाळलेल्याला शिस्तीची गरज आहे, रात्रीतून जाणाऱ्याला हातपाय मारणं थांबवायची. दोघांच्या तोंडी वाक्य मात्र एकच असतं: 'प्रार्थनेत मन लागत नाही.' निदान आधी का करायचं ते यावरून कळावं.

एक शेवटची शक्यता, जी मंडळीत वाढलेल्यांनी विशेष लक्षात घ्यावी. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. तरी आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिलंय की त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. शास्त्राचा एवढा व्यासंग असलेल्या बाईंची ही कबुली आहे. काहींचा कोरडेपणा हा हरवलेला ओलावा नसतोच. तो ओलावा कधी आलेलाच नसतो. अशा माणसाने जुने दिवस परत मागण्यात अर्थ नाही. त्याने पहिल्यांदाच मागावं.

मग करायचं काय

सर्वात आधी, काय करायचं नाही ते. येशूसंघाचा पुढे संस्थापक झालेला लोयोलाचा इग्नेशियस १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जखमी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की काही विचार तेवढ्यापुरते रंगवतात आणि नंतर मन कोरडं सोडून जातात, तर काही विचारांचा आनंद नंतरही टिकतो. या निरीक्षणातून त्याने पुढे जे नियम लिहिले त्यातला एक सोन्याने मढवण्यासारखा आहे: कोरड्या काळात कोणताही निर्णय बदलू नका. मन प्रसन्न असताना जे ठरवलं होतं त्यालाच धरून राहा. मंडळी सोडणं, सेवेचा राजीनामा, 'मुळात माझा विश्वास कधी नव्हताच' हा निष्कर्ष, हे सगळं पुढे ढकला. कोरडेपणात मन भूतकाळही कोरडा रंगवतं, त्यामुळे त्या मनाची साक्ष ग्राह्य धरू नये. गंमत म्हणजे उलट बाजूनेही त्याने सावध केलंय: भरात असताना घाईने नवस बोलू नका.

त्याचा दुसरा सल्ला बारीक आणि धूर्त आहे. प्रार्थनेला जेवढा वेळ ठरवला असेल, कोरड्या दिवशी त्यापेक्षा किंचित जास्त बसा. दहा मिनिटं ठरली असतील तर अकरा. लवकर उठायचा मोह होतो तेव्हा त्याच्या विरुद्ध दिशेला एक पाऊल टाकायचं, एवढाच हेतू. यातून काही वाटलं पाहिजे अशी अट नाही. योहानच्या सल्ल्याशी हे विसंगत नाही. वेळ पाळायची, पण त्या वेळेतून भावना पिळून काढायची नाही.

वेळ पाळणं किती अवघड असतं हे सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संन्यासिनीला, आविलाच्या तेरेसाला, विचारावं. प्रार्थनेवर अधिकाराने लिहिणाऱ्या या बाईंनी स्वतःच कबूल केलंय की कितीतरी वर्षं प्रार्थनेला बसल्यावर त्यांचं लक्ष घड्याळाचे टोले कधी पडतात याकडे असायचं. प्रार्थनेबद्दल त्यांनी दिलेला बागेचा दाखला मला या विषयावरचा सर्वात उपयोगी वाटतो. बागेला पाणी चार तऱ्हांनी मिळतं. विहिरीतून पोहऱ्याने शेंदून, हात भरून येईपर्यंत. रहाटाने, कमी कष्टात जास्त. ओढ्याचं पाटाने आलेलं, ज्यात माळ्याला फक्त वळवायचं काम. आणि पाऊस, ज्यात माळ्याने काहीच केलेलं नसतं. प्रार्थनाही अशीच कष्टाकडून कृपेकडे जाते. पण त्यांचा खरा मुद्दा पुढे आहे. विहीरच आटली तर? दिवसचे दिवस पोहरा सोडायचा आणि तो रिकामाच वर यायचा, तर माळ्याने काय करावं? तेरेसा म्हणतात, त्याने पोहरा सोडत राहावं. बाग त्याच्या धन्याची आहे, आणि तो धनी पाण्याशिवायही फुलं जगवतो. यातलं पाणी म्हणजे काय आणि फुलं म्हणजे काय हेही त्यांनी सांगून ठेवलंय. पाणी म्हणजे डोळ्यांतले अश्रू, आतला उमाळा, भक्तीची भावना. फुलं म्हणजे सद्गुण.

म्हणजे आपण ज्यावरून आपली आध्यात्मिक प्रकृती मोजतो तो उमाळा हे पाणी आहे, पीक नाही. पीक बघायचं तर दुसरीकडे बघावं लागेल: गेल्या वर्षापेक्षा मी लवकर क्षमा करतो का, खोटं बोलणं टाळतो का, आजाऱ्याला भेटायला जातो का. कोरड्या काळात अनेकांच्या बाबतीत याची उत्तरं आश्चर्यकारकरीत्या चांगली असतात, फक्त त्यांनी तिकडे पाहिलेलं नसतं.

रिकामा पोहरा सोडायचा म्हणजे प्रत्यक्षात काय, ते एका उदाहरणाने दाखवतो. १३ वं स्तोत्र घ्या. सहाच वचनं आहेत. मोठ्याने वाचा, कारण मनातल्या मनात वाचताना मन भटकतं. पहिल्या दोन वचनांत 'किती वेळ' हा प्रश्न चार वेळा येतो. प्रत्येक 'किती वेळ'नंतर थांबा आणि त्यापुढे स्वतःचं वाक्य घाला. किती वेळ मी भिंतीशी बोलत राहू? किती वेळ रोज रात्री तेच विचार? भाषा सभ्य ठेवायची गरज नाही, दावीदाने ठेवली नाही. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं आहे: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांना प्रकाश दे. इथे एकच गोष्ट मागा, दहा नकोत. पाचव्या वचनात स्तोत्र अचानक वळतं: 'मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे.' चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये परिस्थिती बदलल्याचा उल्लेख कुठेही नाही. शत्रू तसाच आहे, उत्तर आलेलं नाही. हे वचन म्हणताना तुम्हाला तसं वाटत नसेल तर 'हे वाटत नाही, पण म्हणतो' असं देवाला सांगून म्हणा. झाली प्रार्थना. पाच मिनिटंही लागत नाहीत.

स्वतःचे शब्द आटतात तेव्हा उसने शब्द घ्यावेत. 'मनापासून' प्रार्थना करायची म्हणजे ती स्वतःच रचलेली हवी, ही समजूत काही मंडळ्यांमध्ये फार घट्ट आहे, आणि कोरड्या माणसाचं ती अतोनात नुकसान करते. येशूने वधस्तंभावर स्तोत्रातले शब्द वापरले. शिष्यांनी प्रार्थना शिकव म्हटल्यावर त्याने त्यांना तयार शब्द दिले. प्रभूची प्रार्थना हळूहळू, एका वाक्याला एक श्वास देऊन म्हणणं हे रोजचं किमान धोरण म्हणून उत्तम. तेही जमत नसेल तर मार्क ९ मधल्या बापाची ओळ आहे: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. आणि तीही सुचत नसेल तर नुसतं बसा. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल सांगतो की आपल्याला कशी प्रार्थना करावी ते कळत नाही, तेव्हा पवित्र आत्माच शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

उपासनेला जाणं सोडू नये, हा सल्ला सगळेच देतात, पण त्याचं कारण क्वचित सांगतात. तुम्हाला गाता येत नाही तेव्हा बाकीचे तुमच्या वतीने गातात. प्रभुभोजनात किंवा मिस्सेत तुम्हाला काय वाटतंय यावर काहीच अवलंबून नसतं. भाकर हातात दिली जाते, ती घ्यायची. लूकच्या २४ व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य कितीतरी वेळ पुन्हा उठलेल्या येशूच्या सोबत चालत होते, त्याच्याशीच त्याच्या मरणाबद्दल हळहळत होते, आणि त्यांना तो ओळखू आला नाही. ओळखू आला तो भाकर मोडताना. वाटेत आपलं अंतःकरण पेटलं होतं, हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं.

एका माणसाला सांगा. पाळकांना, धर्मगुरूंना, किंवा लगेच उपदेश सुरू न करणाऱ्या एखाद्या जाणत्या व्यक्तीला. एलीया 'मीच एकटा उरलोय' असं दोनदा म्हणाला. देवाने त्याला अलीशा हा सोबती दिला, आणि बआलापुढे न वाकलेली ७,००० माणसं इस्राएलात अजून आहेत हे सांगितलं.

किती दिवस?

याला ठरलेलं उत्तर नाही. फ्रान्समधली तरुण संन्यासिनी, लिझ्यूची तेरेसा, हिला १८९६ च्या ईस्टरच्या सुमारास विश्वासाच्या अंधाराने गाठलं, आणि ३० सप्टेंबर १८९७ ला, वयाच्या २४ व्या वर्षी ती गेली तोवर तो हटला नाही. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झालं: जवळजवळ पन्नास वर्षं, मधला १९५८ चा थोडा काळ सोडला तर, त्यांना देवाची जाणीवच होत नव्हती. काही वृत्तपत्रांनी याला ढोंग ठरवायची घाई केली. पत्रं वाचणाऱ्याला तसं वाटणार नाही, कारण त्यांत देवाची ओढ पानोपानी आहे. जोसेफ नॉयनर या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९६१ च्या सुमारास त्यांना जे सांगितलं त्याने त्यांना मोठा आधार मिळाला: देव जाणवणं हाच काही तो असल्याचा एकमेव पुरावा नाही, त्याच्यासाठी जीव एवढा तळमळतो, हीच त्याच्या लपलेल्या उपस्थितीची खूण आहे. ज्याला देवाचं काही देणंघेणं उरलेलं नाही तो देव हरवल्याची तक्रार करत नाही.

बहुतेकांचा कोरडेपणा मात्र एवढा लांबत नाही. तो एके दिवशी संपतो, बऱ्याचदा विशेष काही न घडता. एखाद्या सकाळी शेकडो वेळा वाचलेलं वचन अचानक आपल्याशी बोलतं. तेव्हा दोन कामं करावीत. कोरड्या काळात लागलेली छोटी सवय, ते स्तोत्र, ती अकरा मिनिटं, मोडू नये. आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवावं: आज काय वाचलं, काय उमगलं, काय वाटलं. इग्नेशियसचा यावरही एक नियम आहेच: भरल्या दिवसांत पुढच्या कोरड्या दिवसांची बेगमी करावी. पुढच्या वेळी मन जेव्हा सांगेल की असं कधी घडलंच नव्हतं, तेव्हा त्याला दाखवायला तुमच्याच अक्षरातलं ते पान हाताशी असेल.